वानप्रस्थाचा व्हिसा

भारताचे पारपत्र छापले जाते ते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला नागरिक परदेशी निघाला, की त्याच्या हाती नाशिकचीच पुस्तिका असते. गेल्या दोन-तीन दशकांत खुद्द नाशिककरांच्या घरांतूनही या पुस्तिका घेऊन कितीतरी माणसे बाहेर पडली. प्रथम मुलगा शिक्षणासाठी गेला, नंतर नोकरीत स्थिरावला, मग सून गेली. आता तिसरी पाळी आई-वडिलांची आली आहे. पंचवटीत, हिरावाडीत, म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावरच्या सोसायट्यांत सत्तरीला टेकलेली दांपत्ये बँकेचे उतारे, विवाह नोंदणीचा दाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय अहवाल गोळा करताना दिसतात. हा अर्ज शिक्षणासाठी नाही, नोकरीसाठीही नाही. ‘आम्ही तेथे कोणतेही काम करणार नाही, केवळ राहू’ असे लिहून देण्याचा हा अर्ज आहे.

परदेशी जाण्यात पाप आहे, असे आज कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. सिंधुबंदीची बेडी तोडण्याचा आग्रह धरणारे सावरकर पंचवटीपासून जवळच्याच भगूरचे. तेव्हा जावे की जाऊ नये, हा वादाचा मुद्दा नाही. उतारवयात परक्या देशाचे रहिवासी होताना नेमका कोणता करार केला जात आहे, त्यात काय मिळते आणि काय सुटते, याचा विचार अर्जावर सही करण्यापूर्वी होतो की नंतर, हा खरा प्रश्न आहे.

पाहुण्याने काय आणावे?

काम न करता राहू देणाऱ्या देशांच्या अटी वाचल्या, तर त्यांत एक सूत्र दिसते. स्पेनचा असा परवाना घ्यायचा, तर अर्जदाराने स्पेनमधील ठरावीक उत्पन्न-निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ च्या दराने ही रक्कम महिन्याला २,४०० युरो होते. पत्नीसाठी आणखी ६०० युरो. युरोचा भाव शंभर रुपये धरला, तरी दांपत्यामागे महिना ३ लाख रुपये झाले. शिवाय खासगी आरोग्य विमा संपूर्ण स्वरूपाचा हवा. थायलंडचा निवृत्ती-व्हिसा पन्नाशीपुढच्या व्यक्तीला मिळतो. त्यासाठी बँकेत ८ लाख बाट, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम असावी लागते किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. पोर्तुगालची अट त्या मानाने सौम्य आहे. तेथे निवृत्तिवेतन, भाडे, व्याज असे उत्पन्न देशाच्या किमान वेतनाइतके असले, तरी अर्ज करता येतो.

देश निरनिराळे, पण सगळ्यांचे म्हणणे एकच आहे. पैसा घेऊन या, येथे मिळवू नका आणि आजारी पडलात तर आमच्या तिजोरीवर भार टाकू नका. यात त्या देशांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक राष्ट्राने आपल्या नागरिकांचे हित आधी पाहणे योग्यच आहे. परंतु आपले स्वागत होत आहे, अशी समजूत अर्जदाराने करून घेऊ नये. स्वागत त्याच्या ठेवींचे आहे.

शिक्षकाची किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या गृहस्थाला हे आकडे पेलणारे नाहीत. त्याचा मार्ग मुलामार्फत जातो. अमेरिकेत निवृत्तांसाठी स्वतंत्र व्हिसाच नाही. पर्यटक म्हणून गेल्यास साधारणतः सहा महिने राहता येते. २१ वर्षांवरील मुलाने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर तो आई-वडिलांच्या कायम निवासासाठी अर्ज करू शकतो. त्या वेळी त्यांच्या निर्वाहाची हमी त्याला लिहून द्यावी लागते. कॅनडाने २०११ मध्ये आई-वडील व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण मुलाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर हवे आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. ऑस्ट्रेलियात पालकांच्या साध्या व्हिसाची प्रतीक्षा तीस वर्षांच्या घरात गेली आहे. पासष्टाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याने पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी, असा त्याचा अर्थ! माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा दुसरा मार्ग आहे. तेथेही दहा वर्षांहून लांब रांग आहे.

बदलत्या अटींचे अंगण

आज मिळालेली सवलत उद्या राहील, याचीही शाश्वती नसते. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, स्वतःचे उत्पन्न असलेल्या निवृत्तांसाठी वेगळा मार्ग होता. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तो नव्या अर्जदारांना बंद झाला. २०१२ पासून तेथे स्थायिक झालेल्या मुलाला आई-वडिलांना कायमचे न्यायचे असेल, तर त्यांना दीर्घकाळ शुश्रूषेची गरज आहे आणि मुलाचा पैसा असूनही ती मायदेशी मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे आई अंथरुणाला खिळेपर्यंत थांबायचे आणि मग नाशिकमध्ये तिची देखभाल होऊच शकत नाही, असे लेखी मांडायचे. मलेशियाने ‘माझे दुसरे घर’ अशा गोड नावाची योजना २००२ पासून चालविली. २०२१ मध्ये तिची मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेली, पुढे ती योजना पुन्हा बदलली. घर खरेदी करणाऱ्या परकीयांना निवास देण्याची योजना स्पेनने २०२५ च्या एप्रिलमध्ये गुंडाळली. तरुणाला असा बदल सोसता येतो, तो दुसरा देश शोधतो. बहात्तराव्या वर्षी पुन्हा बिऱ्हाड हलविणाऱ्याचे काय?

काम न करण्याची अट

या साऱ्या कागदांत सर्वांत निरुपद्रवी वाटते ती काम न करण्याची अट. आयुष्यभर राबलेल्या माणसाला वाटते, आता कामाची हौस कोणाला आहे? पण हीच अट नीट समजून घेण्यासारखी आहे.

आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ सांगितला तो संसाराची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी, स्वतः निरुपयोगी होण्यासाठी नव्हे. याचे उदाहरण नाशिकच्याच इतिहासात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे पुत्र माधवराव यांच्याशी मतभेद झाले आणि त्या पुण्याचा दरबार सोडून नाशिकजवळ गंगापूर येथे येऊन राहिल्या. एकामागून एक पुत्रांचे मृत्यू त्यांनी पाहिले. १७८८ मध्ये नाशिक क्षेत्रीच त्यांचा अंत झाला. अधिकार गेला, वैभव गेले, तरी नातू सवाई माधवराव याने कसे वागावे, याविषयी त्यांनी लिहून दिलेला उपदेश प्रसिद्ध आहे. पदावरून दूर झालेल्या वृद्धेच्या शब्दाला तिच्या माणसांत किंमत उरली होती.

पंचवटीतल्या साध्या निवृत्ताचेही असेच आहे. त्याला पगार नाही, पण कामे पुष्कळ आहेत. सोसायटीचा हिशेब तो पाहतो, शेजारच्या मुलाला गणित शिकवितो, चैत्रात काळारामाच्या रथोत्सवाला उभा राहतो, गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत पुढच्या रांगेत बसतो. त्याच्या पत्नीचा भजनी मंडळात हक्काचा आवाज आहे, लग्नकार्यात तिला विचारल्याशिवाय यादी पुरी होत नाही. या कामांची नोंद कोणत्याही बँकेच्या उताऱ्यात नसते. हीच माणसे परदेशातल्या उपनगरात जातात, तेव्हा मोटार चालविता येत नसल्याने दूध आणायलाही मुलावर अवलंबून राहतात. घर ऊबदार असते, फ्रिज भरलेला असतो, मुलगा-सून सकाळी कामावर जातात आणि संध्याकाळपर्यंत बोलायला कोणी नसते. नातवंडे लहान असेपर्यंत दिवस भरलेले असतात. एक आजी सहा महिने, मग दुसरी आजी सहा महिने, अशा पाळ्या कितीतरी मराठी घरांनी मायेने निभावल्या आहेत. त्या मायेला कोणी व्यवहार म्हणू नये. मात्र नातू शाळेत जाऊ लागला, की आजीची गरज सरते आणि अट तेवढी उरते.

परतीची वाट मोडू नये

प्रभू रामचंद्र पंचवटीत राहिले ते वनवासात. अगस्त्य ऋषींनी सुचविलेल्या या ठिकाणी पर्णकुटी बांधून ते राहिले, पण त्या वनवासाला मुदत होती आणि अयोध्येची वाट मोडलेली नव्हती. आजच्या दांपत्याने एवढेच पथ्य पाळले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पहिली चूक होते ती घर विकण्याची. ‘आता तुम्ही येथे कशाला राहता?’ असे मुलगा प्रेमाने विचारतो आणि व्हिसासाठी लागणारी रक्कम उभी करण्यास पंचवटीतला फ्लॅट सर्वांत सोपा वाटतो. घर विकल्यानंतर परत येणे हा निर्णय उरत नाही, ती नामुष्की होते. म्हणून आधी पर्यटक म्हणून सहा महिने राहून पाहावे, तेही हिवाळ्यात. घर मुलाच्या नावे करायचेच असेल, तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा जाणून घ्यावा. त्याच्या २३ व्या कलमानुसार, देखभालीच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्यासाठी बक्षीसपत्रात देखभालीची अट स्पष्ट लिहिलेली असावी. हा कायदा परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. मुलाने तेथील नागरिकत्व घेतले, की मात्र त्याचा हात तोकडा पडतो.

दुसरे पथ्य पैशाचे. कायमच्या वास्तव्यासाठी देश सोडला, की बँकेतील नेहमीचे खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी भारतीयाला नवे खाते उघडता येत नाही. अमेरिकेत कायम निवासी झालेल्या वृद्धाला तेथील सरकारी आरोग्यविमा पाच वर्षे सलग राहिल्यावाचून मिळत नाही. वर्षाहून अधिक काळ पूर्वपरवानगीशिवाय भारतात राहिले, तर तो निवासच धोक्यात येतो. म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणे वाटते तितके सोपे नाही.

तिसरे, नागरिकत्व. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवून मायदेशी येऊन मतदान करता येते. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की भारताचे नागरिकत्व कायद्यानुसारच संपते. नंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येणे-जाणे, राहणे सुलभ होते, पण मताचा अधिकार मिळत नाही. रामकुंडात विसर्जनासाठी दूरदेशीहून अस्थी येतात. माणसाला जिवंतपणी परतण्याची वाट त्याहून मोकळी असली पाहिजे.

वस्तीचे उत्तरदायित्व

हे सारे खरे असले, तरी ‘मायभूमी सोडू नका’ असा उपदेश करून मोकळे होणे हा ढोंगीपणा ठरेल. अनेकांना परदेशाची हौस नसते, येथे एकटे राहण्याचे भय असते. जोडीदार गेलेला, एकुलती मुलगी सातासमुद्रापार, गुडघे निकामी, लिफ्ट बंद आणि रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर कोणाला हाक मारायची, हे ठाऊक नाही. अशा माणसाने मुलीकडे जाण्याचा अर्ज केला, तर तो दुबळेपणा नव्हे. मुलीने आईला जवळ बोलाविणे, हाही संस्कारच आहे.

मग दोष कोणाचा? ज्या शेजारात पंधरा वर्षे राहून शेजाऱ्याच्या औषधांची वेळ कोणाला माहीत नाही, त्या शेजाराचाही काही वाटा आहे. पूर्वी वाड्यात वृद्ध एकटा पडत नसे, कारण वाडा त्याला एकटा पडू देत नसे. वाडे गेले, फ्लॅट आले, हे अटळ होते. पण वाड्याचे काम कोणी उचलायचे, हे ठरलेच नाही. कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठावरून करणाऱ्यांनी ते उचलले पाहिजे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या गल्लीत एकटे राहणारे ज्येष्ठ किती, याची वही हवी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी दार ठोठावणारा तरुण हवा. रात्री रुग्णालयात नेणारी गाडी आणि तेथे थांबणारी दोन माणसे हवीत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत हात धरून नेणारे कोणी हवे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, मंदिरे आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. दहा दिवसांच्या उत्सवाला उभी राहणारी शक्ती उरलेले तीनशे पंचावन्न दिवस कोठे असते?

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत रस्ते आणि घाट यांची कामे सरकार करील. लाखो यात्रेकरूंची सोय होईल, व्हायलाच हवी. त्याच घाटापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एकाकी वृद्धाची सोय सरकारने नव्हे, समाजाने करायची आहे. परदेशाचा अर्ज भरावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या आजी-आजोबांचाच आहे. पण येथे राहणे हाही तितकाच सुरक्षित पर्याय असेल, तरच तो निर्णय स्वेच्छेचा म्हणता येईल. तो पर्याय उभा करणे मुलांच्या एकट्याच्या हाती नाही, ते वस्तीच्या हाती आहे.