नीयत नसलेला खलनायक

'वंडर वुमन १९८४' हा सिनेमा डिसेंबर २०२० मध्ये आला. टीव्हीवर आणि मोबाइलवर तो आजही पाहिला जातो, सुट्टीत मुलं पाहतात. त्याचा विषय निघाला की बहुतेक जण एवढंच म्हणतात, "दुसरा भाग काही जमला नाही. खलनायक कमजोर होते." एवढं बोलून विषय मिटवला जातो. मला तो असा मिटवणं मान्य नाही. खलनायक कमजोर असतो तेव्हा त्यामागे लेखकाचा आळस असतो, आणि हा आळस सगळ्या पात्रांच्या वाट्याला सारखा येत नाही. कुणाला 'तू असा का झालास?' हा प्रश्न विचारायचा आणि कुणाला अजिबात विचारायचा नाही, याची एक उतरंड असते. या सिनेमात ती उतरंड उघड दिसते.

पहिला 'वंडर वुमन' २०१७ चा. त्याने जगभरात सुमारे ८२ कोटी डॉलर कमावले आणि लोकांना तो मनापासून आवडला. दुसऱ्या भागाची दिग्दर्शक तीच, पॅटी जेनकिन्स. नायिका तीच, गॅल गॅडोट. खर्च सुमारे २० कोटी डॉलर. कोविडमुळे थिएटरं बंद होती आणि अमेरिकेत सिनेमा त्याच दिवशी ओटीटीवरही आला, म्हणून गल्ल्याचा आकडा मी पुरावा म्हणून वापरणार नाही. पुरावा कथेतच आहे.

कथा थोडक्यात अशी. इच्छा पुरी करणारा एक जुना दगड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात येतो. तो इच्छा पुरी करतो, पण बदल्यात काहीतरी हिरावून घेतो. मॅक्स लॉर्ड नावाचा कर्जात बुडालेला तेल व्यावसायिक इच्छा करतो की आपण स्वतःच तो दगड व्हावं. मग तो जगभर लोकांच्या इच्छा पुऱ्या करत आणि बदल्यात हवं ते घेत फिरतो. संग्रहालयातली बुजरी संशोधक बार्बरा मिनर्वा इच्छा करते की आपण डायनासारखं व्हावं. आणि डायना, म्हणजे आपली नायिका, आपला मेलेला प्रियकर परत मागते.

आता उतरंड पाहा.

सगळ्यात वर मॅक्स लॉर्ड. त्याला काय हवंय? सुरुवातीला पैसा, मग प्रतिष्ठा, मग सत्ता, आणि शेवटी सगळ्या जगाशी एकाच वेळी बोलायचं असतं. का? याचं उत्तर सिनेमा अडीच तास लांबवतो आणि अगदी शेवटी घाईघाईने उरकतो. मारहाण करणारा बाप, टिंगल करणारी शाळेतली पोरं, बदललेलं आडनाव, काही क्षणांची चित्रं, झालं. हीच माहिती पहिल्या अर्ध्या तासात मिळाली असती, तर त्याचं प्रत्येक पाऊल आपण धडधडत्या छातीने पाहिलं असतं. पेड्रो पास्कलसारखा ताकदीचा नट जीव तोडून काम करतो, पण त्याच्या हातात कागदच कोरा आहे. तरीही मॅक्सला निदान ती पूर्वकथा मिळते. त्याला एक लहान मुलगा आहे. त्या मुलाच्या मायेने तो इच्छा मागे घेतो, आणि त्याला माफीही मिळते.

त्याच्या खाली बार्बरा. तिच्याकडे खरं कारण आहे. कामाच्या जागी तिच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. रात्री रस्त्यात एक दारुडा तिच्या अंगावर येतो. ताकद मिळाल्यावर तोच माणूस पुन्हा भेटतो आणि ती त्याला बेदम मारते. त्याच क्षणी सिनेमा आपल्याला सांगतो की बघा, हिची माणुसकी संपली. रात्रीच्या रस्त्यावरून एकटीने घरी जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, या प्रसंगात किती प्रश्न दडलेले आहेत ते. राग कुठवर न्याय्य आणि कुठून जुलूम, यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. पण लेखकांना घाई होती. बार्बराला पुढे सगळ्यात वरचा शिकारी प्राणी व्हायचं असतं, ती चित्त्याच्या कातडीत येते, अंधारात एक मारामारी होते, आणि ती पाण्यात कोसळते. शेवटी ती पुन्हा माणूस होऊन एकटी बसलेली दिसते. तिला काय वाटलं, तिने काय गमावलं, हे कुणी विचारत नाही.

आणि सगळ्यात खाली, कैरोचा अमीर. म्हणजे आपला माणूस. मॅक्स लॉर्ड तेलासाठी त्याच्याकडे जातो. अमीर इच्छा करतो की आपल्या पूर्वजांची जमीन आपल्याला परत मिळावी आणि परके, अधर्मी लोक तिच्याबाहेर राहावेत. बस, एवढंच. तो कोण, जमीन कधी गेली, कुणी घेतली, काही नाही. लगेच जमिनीतून प्रचंड भिंत उभी राहते, गरीब वस्त्यांचं पाणी तुटतं, आणि अमीर कथेतून निघून जातो. ही भूमिका अम्र वाकेद या नामवंत इजिप्शियन नटाने केली आहे. त्याच्या वाट्याला एक महाल, एक इच्छा आणि एक भिंत आली.

इतिहासाशी थोडी ओळख असलेल्या माणसाला इथे हसावं की रडावं कळत नाही. सिनेमाचं साल १९८४. इजिप्तमध्ये राजेशाही १९५३ मध्येच संपली आणि देश प्रजासत्ताक झाला. १९८४ मध्ये तिथे होस्नी मुबारक राष्ट्राध्यक्ष होते. तेलाच्या पैशावर महालात बसलेला अमीर ही आखाती देशांची प्रतिमा, ती उचलून नाईलच्या काठी आणून ठेवली. जणू अरब म्हटला की सगळा एकच माल, कुठेही ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. 'जमीन परत हवी' ही इजिप्तच्या बाबतीत वेडगळ इच्छा नव्हती. १८८२ मध्ये इंग्रजांनी इजिप्तचा ताबा घेतला. सुएझ कालवा १९५६ मध्ये इजिप्तने राष्ट्रीय मालकीचा केला, तेव्हा तीन देशांनी त्यावर हल्ला केला. १९६७ च्या युद्धात सिनाई इस्रायलच्या ताब्यात गेलं. आणि १९७९ च्या शांतता करारानुसार एप्रिल १९८२ मध्ये इजिप्तला सिनाई परत मिळालं. म्हणजे सिनेमातल्या सालाच्या फक्त दोन वर्षं आधी एका अरब देशाने आपली जमीन खरोखर परत मिळवली होती, तीही वाटाघाटी करून. त्या कराराची किंमत अन्वर सादात यांनी १९८१ मध्ये प्राण देऊन चुकवली. इतकं जिवंत, दुखरं, गुंतागुंतीचं साहित्य दारात पडलेलं असताना लेखकांनी काय उचललं? झगा, महाल आणि भिंत. मग नायिका येते आणि रस्त्यावर खेळणाऱ्या दोन मुलांना ताफ्याच्या गाड्यांखालून वाचवते. त्या मुलांनाही नावं नाहीत. अरब माणसाला या सिनेमात दोनच कामं आहेत, संकट आणायचं किंवा संकटातून वाचायचं.

हे आजचं नाही. जॅक शाहीन या अमेरिकन अभ्यासकाने नऊशेहून अधिक हॉलिवूड सिनेमे तपासून 'रील बॅड अरब्ज' हे पुस्तक २००१ मध्ये लिहिलं. त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, बाईला न्याय देण्याच्या नावाने निघालेल्या सिनेमातही तेच चित्र आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. "अहो, सुपरहिरोचा सिनेमा आहे. कारणं काय शोधता? गब्बरला कुठे कारण होतं?" होतं. 'शोले'चा गब्बर लहानपणी कसा होता हे आपल्याला सांगितलेलं नाही, पण त्याला काय हवंय ते स्वच्छ दिसतं. गावाचं धान्य हवंय, गावाची भीती हवीय. ठाकूरने त्याला पकडून तुरुंगात टाकलं म्हणून तो ठाकूरचे हात तोडतो. प्रत्येक कृतीला आधीची कृती जोडलेली आहे. 'द डार्क नाइट'चा जोकर आपल्या जखमांच्या दर वेळी वेगळ्या कहाण्या सांगतो, म्हणजे पूर्वकथेची थट्टाच करतो. पण त्याचा एक दावा आहे : संकट आलं की सगळी सभ्य माणसं जनावरं होतात. तो दावा सिद्ध करायला तो दोन बोटींत स्फोटकं ठेवतो आणि एका बोटीची कळ दुसऱ्या बोटीच्या हातात देतो. कुणीच कळ दाबत नाही, आणि जोकर तिथेच हरतो. खलनायकाला रडकं बालपण असलंच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. त्याला काहीतरी हवं असावं आणि त्याच्या हव्याला तर्क असावा, एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुष्टाला कारण दिलं की दुष्टपणा आकर्षक होतो, मुलांवर वाईट परिणाम होतो. हे मला धार्मिक वृत्तीच्या माणसांकडून जास्त ऐकायला मिळतं, म्हणून उत्तरही तिथूनच देते. इब्लीसपेक्षा मोठा खलनायक कोणता? त्याचं म्हणणं कुरआनने दडवून ठेवलं का? आदमपुढे सजदा करायला त्याने नकार का दिला, आग आणि माती यांच्यात त्याने कोणता श्रेष्ठ-कनिष्ठ भेद मांडला, कयामतपर्यंतची मुदत कशी मागितली आणि ती त्याला कशी मिळाली, सगळं नोंदलेलं आहे. त्याची बाजू ऐकल्यावरच आपल्याला कळतं की त्याचा गुन्हा अहंकाराचा होता. बाजू ऐकणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. आपल्याकडे अमलाचा हिशोब नीयतीवरून होतो, हे तर लहान मूलही मदरशात शिकतं. मग नीयतच न दाखवता एखाद्याला दोषी ठरवणारी गोष्ट आपल्याला कशी पटावी?

उर्दू दास्तानीत 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा आहे. त्याला राज्य आहे, मलिका हैरत आहे, गुर्मी आहे. म्हणून त्याला हरवण्यात मजा आहे. मराठीत शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आलं आणि दुर्योधनाच्या बाजूने लढलेल्या कर्णाला आतून पाहायची संधी हजारो वाचकांना मिळाली. ते वाचून कुणी अधर्मी झालं नाही. आणि सुपरहिरोच्या दुनियेतच उदाहरण हवं असेल तर २०१८ चा 'ब्लॅक पँथर' आहे. त्यातल्या किलमंगरच्या बापाला वाकांडाच्या राजाने मारलं आणि पोराला ओकलंडमध्ये तसंच सोडून दिलं. त्याचा मार्ग रक्ताचा, म्हणून तो हरतो. पण त्याचा प्रश्न इतका खरा की जिंकलेला नायक बदलतो आणि त्याच ओकलंडमध्ये लोकांसाठी केंद्र उघडतो. चांगला खलनायक नायकालाही शिकवतो. कैरोच्या अमीराकडून डायना काय शिकते? काहीही नाही.

आता दोन शब्द आपल्याच लोकांशी. या सिनेमावर आपल्याकडे बोलणं झालं ते बहुतेक गॅल गॅडोट इस्रायली आहे, तिने तिथल्या सैन्यात नोकरी केली, एवढ्यावर. पहिल्या भागावर लेबनॉनने त्याच कारणाने बंदी घातली होती. हा राग मला समजतो. पण उद्या नटी बदलली आणि अमीर तसाच राहिला, तर आपली तक्रार मिटेल का? दुसरी मागणी अशी असते की मुसलमान पात्र दाखवायचं तर चांगलंच दाखवा. मला ती मागणीही नको. सतत चांगुलपणाचं प्रमाणपत्र गळ्यात घालून फिरणारा मुसलमान पडद्यावर तितकाच खोटा दिसतो. आमच्यात लोभी आहेत, जुलमी आहेत, धर्माच्या नावाने जमिनी लाटणारेही आहेत. दाखवा त्यांना खलनायक म्हणून. फक्त त्यांना माणूस म्हणून दाखवा. नाव द्या, भूक द्या, भीती द्या, चुकीचा का होईना पण एक तर्क द्या.

कारण या सिनेमात हे सगळं कुणाला तरी भरपूर मिळालेलं आहे. डायनाचा प्रियकर परत येतो तो एका अनोळखी जिवंत माणसाच्या शरीरात. त्या माणसाची परवानगी कुणी घेतली? ती त्याच्या शरीराबरोबर रात्र काढते आणि सिनेमाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिची इच्छाही स्वार्थीच होती, पण तिच्या दुःखाला पुरेपूर वेळ मिळाला, म्हणून आपण तिला समजून घेतो. समजून घ्यायला हरकत नाही. पण तिच्या विरहाला इतका वेळ मिळतो आणि अमीराच्या गमावलेल्या जमिनीची एका वाक्यात बोळवण होते, हा हिशोब बरोबर नाही.

मी वर्गात उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत मुलांकडून गोष्टी लिहून घेते. सातवीतलं पोर 'एक दुष्ट राजा होता' असं लिहितं, तेव्हा मी समासात लाल पेनाने दोनच शब्द लिहिते : दुष्ट का? पोर खाली मान घालून पुन्हा लिहायला बसतं आणि दुसऱ्या वेळी गोष्ट हमखास सुधारते. २० कोटी डॉलर हाताशी असलेल्यांना हेच दोन शब्द कुणी विचारले नाहीत. म्हणून आपण विचारायचे. मुलं हा सिनेमा पाहतील तेव्हा टीव्ही बंद करू नका. कैरोचा प्रसंग आला की थांबवा आणि विचारा, त्या अमीराची जमीन कुणी घेतली असेल? मग नकाशा काढा आणि सिनाई दाखवा.