कण्याआधीचा धागा

मेरुरज्जूच्या आडव्या छेदाची आकृती काढताना शाळकरी मुले मधोमध एक बारीक छिद्र काढतात, त्याला ‘मध्यनलिका’ असे नाव देतात आणि पुढे जातात. ही नलिका रिकामी नसते. तिच्यात मेंदूभोवती असतो तोच पाण्यासारखा द्रव असतो आणि बहुतेक पृष्ठवंशीय प्राण्यांत या द्रवातून केसाहून कितीतरी बारीक धागा मेंदूपासून मेरुरज्जूच्या शेवटापर्यंत गेलेला असतो. त्याचे नाव राइस्नर तंतू. दीडशेहून अधिक वर्षे तो ठाऊक आहे. तो कशासाठी आहे, हे मात्र आता कुठे उमगू लागले आहे.

अर्न्स्ट राइस्नर यांनी १८६० मध्ये लॅम्प्री या जबडा नसलेल्या प्राण्याच्या मेरुरज्जूत हा धागा पाहिला. काहींनी तो खरा मानलाच नाही. नमुना रसायनात टिकवताना द्रव साकळून झालेली ती गुठळी असावी, असे त्यांचे म्हणणे. पुढे तो शरीरात मुळातच असतो हे मान्य झाले. १९२१ मध्ये कोल्मर यांनी हा धागा आणि नलिकेच्या भिंतीतील चेतापेशी मिळून एक ज्ञानेंद्रियच असावे, असा तर्क मांडला. तो तपासण्याची साधने तेव्हा नव्हती.

ती साधने मिळाली झेब्रा माशामुळे. त्याचे भ्रूण पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंतपणीच आत काय चालले आहे ते दिसते. एससीओ-स्पाँडिन या प्रथिनापासून हा धागा बनतो. ते प्रथिन तयारच होऊ दिले नाही, तर भ्रूणाचे शरीर सरळ न वाढता खाली वाकते, हे पॅरिसमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. २०२० मधील प्रयोगांत आणखी एक बाब पुढे आली. काही माशांत धागा आधी नीट तयार झाला, पण वाढीच्या वयात विस्कटला. त्यांचा कणा नंतर बाजूला वळला. म्हणजे धागा एकदा असून भागत नाही, वाढ होईपर्यंत तो टिकावा लागतो. कोल्मर यांचा तर्कही फोल नव्हता: शरीराचा बाक ओळखणाऱ्या त्या चेतापेशींना धाग्याशिवाय तो नीट जाणवत नाही.

दहावीच्या पुस्तकात भेटणाऱ्या अ‍ॅम्फिऑक्ससलाही असा धागा असतो आणि त्याला कणा नसतो. लॅम्प्रीकडे कण्याचे जेमतेम कूर्चेचे तुकडे असतात, धागा मात्र पुरता. त्यावरून हा धागा हाडांच्या कण्याहून जुना ठरतो. शरीर सरळ राखण्याची ही व्यवस्था आधीच होती. मणके तिच्याभोवती नंतर आले.

माणसात गोष्ट गुंतागुंतीची आहे. हे प्रथिन स्रवणारा मेंदूतील अवयव गर्भावस्थेत ठळक असतो, जन्मानंतर तो आक्रसत जातो आणि प्रौढ माणसात हा धागा आढळत नाही. त्यामुळे माशांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येणार नाही. तरीही प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. किशोरवयातील सुमारे २ ते ३ टक्के मुलामुलींचा कणा बाजूला वळतो. बाक तीव्र होण्याचे प्रमाण मुलींत अधिक. बहुतेकांत कारण सापडत नाही आणि मग दोष दप्तराला किंवा पोक काढून बसण्याला दिला जातो. या दोहोंमुळे असा बाक येतो, असे दाखवणारा पुरावा नाही. मुलीला ‘नीट बस’ म्हणून रागावण्यापेक्षा तिला पुढे वाकायला सांगून पाठीची एक बाजू उंच दिसते का, हे पाहणे आणि दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेणे अधिक उपयोगाचे.

या धाग्यातून उद्या औषध निघेलच, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून संशोधनाचा निधी अडवणाऱ्यांनीही हा इतिहास वाचावा. एका क्षुल्लक प्राण्याच्या नळीतील धागा कोणाला तरी महत्त्वाचा वाटला, म्हणूनच आज मुलांच्या वाकड्या कण्याबद्दल नेमका प्रश्न विचारता येतो आहे.