आधी देठं जिरवा, मग गुळवेल लावा

मृग लागला की पुंडलिकनगरच्या रस्त्यावर रोपांचे गाडे दिसायला लागतात. तुळस, कोरफड, गवती चहा, पानओवा, आणि करोनापासून जिची चलती झाली ती गुळवेल. सोबत तयार मातीची पिशवी, कोकोपीटची वीट, ‘ऑरगॅनिक’ असं लिहिलेला खताचा डबा, फवारायला निंबोळी तेल. माझ्या मेडिकलच्या काउंटरमागून हा सगळा व्यवहार दिसतो. घेणाऱ्यांत माझीच गिऱ्हाइकं जास्त. बीपीच्या गोळ्या एका हातात, तुळशीचं रोप दुसऱ्या हातात.

त्यांच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हेच सामान गच्चीवर चढवणारं घर सकाळी घंटागाडीत मेथीची देठं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा आणि कालची उरलेली भाजी एकाच पिशवीत गाठ मारून टाकतं. दक्षिणेतला नारळाचा भुसा आमच्या गच्चीवर आणि आमच्या मेथीची देठं शहराबाहेरच्या ढिगावर. याला सेंद्रिय कोणत्या तोंडानं म्हणायचं? ज्या घराचा ओला कचरा घरात जिरत नाही, त्या घरानं सेंद्रिय भाजीच्या गप्पा मारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला कडू लागेल. लागू द्या.

या शहराला हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. 16 फेब्रुवारी 2018 पासून नारेगाव आणि आसपासच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस-पस्तीस वर्षं आपली घाण त्यांच्या शिवारात, त्यांच्या विहिरींच्या उशाला जाऊन पडत होती. मग हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानंच तिथे कचरा टाकायला मनाई केली. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या, तर तिथे दगडफेक, जाळपोळ झाली. तेव्हाच्या औरंगाबादेत महिनोन्‌महिने रस्त्याच्या कडेला ढीग साचले होते, आणि माझ्या दुकानात मास्क आणि ओआरएसची पाकिटं मागायला रांग असे. ओला-सुका वेगळा करा हा नियम 2016 पासून कागदावर होता. तो आम्हाला 2018 मध्ये नाकानं शिकवला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी कचरा जिरवायला भोकं पाडलेल्या बादल्या दिसायला लागल्या होत्या. पुढे गाड्या नियमित झाल्या आणि लोकांनी भोकं बुजवून त्याच बादल्या पाणी भरायला काढल्या. पाण्याचं दुखणं कचऱ्याहून जुनं, त्यामुळे बादलीवर पहिला हक्क त्याचा.

माझ्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या आहेत, तळाला आणि कडेनं तापल्या सळईनं भोकं पाडलेल्या. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर कडुनिंबाचा वाळका पाला. मार्च-एप्रिलमध्ये हा पाला गल्लीत पोत्यांनी मिळतो. झाडून पेटवून देण्यापेक्षा मला द्या म्हटलं की लोक आनंदानं देतात. मग रोजच्या ओल्या कचऱ्याचा पातळ थर आणि त्यावर दुप्पट पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडायचं. शिजलेलं, तेलकट, मटणाची हाडं यांपैकी काही टाकायचं नाही. पुस्तकांत वास येण्याची भीती फार घातलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात उलटा त्रास: सारं सुकून खडखडीत होतं आणि कुजणं थांबतं. म्हणून एप्रिलमध्ये डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत आधी, कुंडीत नंतर. पावसाळ्यात जाड पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या की सुना किंचाळतात. त्या अळ्या काम करताहेत, करू द्या. दोन-अडीच महिन्यांनी सगळं काळं, भुसभुशीत होतं. ते मी जुन्या पिठाच्या चाळणीनं चाळते. वर उरलेली आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस पुन्हा पहिल्या बादलीत.

माती कमी वापरा हे सांगायलाच हवं. आमच्या भागातली बरीच घरं गुंठेवारीतली, ऐपत होईल तसे मजले चढवलेली. त्या स्लॅबवर काय वजन पेलेल याचा हिशोब कुणी केलेला नाही. एक घनफूट ओली माती 45-50 किलोच्या घरात जाते, आणि लोक कठड्याला लागून विटांचे वाफे बांधून त्यात ट्रॉलीभर काळी माती ओततात. वर पाणी झिरपून खालच्या खोलीचं प्लास्टर फुगतं ते वेगळंच. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर आणि घरच्या कचऱ्यावर गच्चीत फळं-भाज्या पिकवून दाखवल्या, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. आपल्याकडे उन्हाळाभर चौकाचौकात रसवंत्या घुंगरू वाजवत उभ्या असतात. चिपाडाचं काय करायचं हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न. पोतं घेऊन जा, तो भरून देईल. चिपाड, पाला, आपलं खत आणि वर चार बोटं माती, एवढ्यावर मिरची, पुदिना, चुका, कोथिंबीर मजेत येतात.

राहिलं पाणी. पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेलं, कित्येक दिवसांआड नळाला येणारं पाणी कुंडीला नळीनं सोडणं मला पाप वाटतं. भाज्या धुतलेलं, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी पुरतं. आरओ मशीन बाहेर टाकतं ते पाणी मात्र चालत नाही. बोअरचे सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. त्या पाण्यानं फरशी पुसा. आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचल्या पाण्यातच अंडी घालतो. ते पाणी सेंद्रिय आहे का, हे तो विचारत नाही.

एवढं करून काय मिळतं? घर चालेल इतकं मुळीच नाही. ज्वारी, डाळ, कांदा जाधववाडीच्या मंडीतूनच येणार. गच्चीवरून वरणाला कडीपत्ता, चटणीला पुदिना, आठवड्यात एखादी चुक्याची भाजी, शेवग्याचा पाला. आणि न लावता उगवणारी घोळ! लोक ती तण म्हणून उपटून फेकतात आणि खाली येऊन गाड्यावरून तीच जुडी विकत घेतात. (मुतखडा होऊन गेलेल्यांनी घोळ आणि चुका जपून खावा. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर, आणि आमच्या भागात मुतखड्याचे पेशंट कमी नाहीत.)

ही बादली आधी, असा हट्ट धरण्यामागे माझ्या धंद्यातलं एक कारण आहे. कचरा जिरवणारा माणूस रोज दोन मिनिटं का होईना झाडांशी उभा राहतो. कोणत्या पानावर काय आलं, जास्वंदीला पिठ्या ढेकूण कधी लागला, हे त्याला कळतं. श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार याच आग्रहावर उभा राहिला: स्वतः करा, स्वतः बघा, नोंद ठेवा, मग बोला. औषधी वनस्पतींच्या बाबतीत हे बघणंच आपल्याकडून सुटलं आहे. गाडेवाल्यानं सांगितलं, मोबाइलवर आलं, पाला आणला, कुटला, प्यायलो.

काउंटरवर हे रोज ऐकू येतं. ‘‘ताई, शुगरची गोळी या महिन्यात नको. सदाफुलीची पानं सुरू केलीत.’’ आता या सदाफुलीची गोष्ट ऐका. मधुमेहावर ती गुणकारी आहे असं अनेक देशांत मानत असत, म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर तिचा अर्क तपासला. रक्तातली साखर काही हलली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्यातूनच पुढे विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं, आणि याच झाडातून विनक्रिस्टिनही. कॅन्सरच्या वॉर्डात ती मोजूनमापून, थेट शिरेतून देतात. ज्या झाडात हे आहे त्याची पानं उपाशीपोटी मूठभर चावायची, आणि वर त्याला निसर्गोपचार म्हणायचं?

गुळवेलीचं तसंच. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. रुग्णांनी नेमकी कोणती वेल घेतली हे तपासलेलंच नाही, दिसायला सारखी दुसरी वेलही असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. वाद कुणीही जिंको, दोन्ही बाजूंनी आपल्या कामाची गोष्ट निघते. खरी गुळवेल हिरवट खोडाची, तिच्यातून दुधासारखा चीक निघत नाही. दुसरीचं खोड गाठीगाठींचं आणि चीक दुधी. हा फरक गाड्यावर उभ्या उभ्या किती जण बघतात? रोपवाल्यालाही तो सांगता येत नाही. ब्राह्मी म्हणून कधी ब्राह्मी मिळते, कधी मंडूकपर्णी. कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो, तो जोरदार रेचक आहे. तो निथळू न देता सगळं मिक्सरला लावणारे लोक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे जुलाबाची गोळी मागतात आणि कारण सांगायला लाजतात.

झाडपाला निकामी असं मी म्हणणार नाही. म्हणायचं ठरवलं तरी माझ्या फळीवरच्या बाटल्या मला खोटं पाडतील. खोकल्यावरचं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलं, आणि आजकाल प्रत्येक चिठ्ठीवर दिसणारं अँब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्झिनचंच पुढचं रूप. निर्गुडीच्या पाल्याचा शेक माझी सासू घेते, तिला बरं वाटतं, मी अडवत नाही. पण ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असणार, इतकी साधी अक्कल कुंडीशी आली की कुठे जाते कळत नाही. अंगणातलं म्हणून निर्धोक, ही समजूत औषधांच्या दुकानात बसून पाहिलेल्या समजुतींमध्ये मला सर्वांत महागाची वाटते.

महापालिकेकडेही एक मागणं आहे. घरी कचरा जिरवणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतीच्या सर्वसाधारण करात सवलत देत आली आहे. ती आपल्याकडे मिळेल तेव्हा मिळेल. तोवर शहराच्या प्रक्रिया केंद्रांत ओल्या कचऱ्याचं जे खत होतं त्याची पोती पावसाळ्याच्या तोंडावर वॉर्डावॉर्डात ठेवा. ज्या घंटागाडीनं देठं नेली तीच खत घेऊन परत आली, तर वेगळा करून दिलेला कचरा पुढे जाऊन पुन्हा एकत्रच होतो, ही लोकांची कायमची शंका तरी मिटेल.

आणि गिऱ्हाइकांना मी आता एवढंच सांगते: घरातली जी पानं, काढे, रस घेताय त्यांची नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून न्या. रक्त पातळ करणारी, शुगरची, थायरॉइडची गोळी चालू असेल तर नक्कीच; ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर त्याआधीच. नाव माहीत नसेल तर फांदी आणून दाखवा. परवा एक मावशी आल्या, पिशवीतून गुळवेलीचं हातभर खोड काढून काउंटरवर ठेवलं. गाठी होत्या. त्यांनी ते निमूटपणे पुन्हा पिशवीत घातलं आणि विचारलं, ‘‘मग बादलीत टाकलं तर चालंल का?’’ चालतं म्हटलं, बारीक कापून टाका. नुसतंच टाकलं तर तिथेही मूळ धरेल.