'पाहिला' म्हणजे नक्की काय?

"बघितला रे. ठीक आहे. एवढं काही नाही त्यात."

शुक्रवारी लागलेल्या मराठी सिनेमाबद्दल शनिवारी दुपारीच हे मत कानावर येतं. कुठे बघितलास, असं विचारलं की उत्तर मिळतं, "मित्राने लिंक पाठवली होती." इथे माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तर मंडळी, ही लिंक म्हणजे काय ते एकदा नीट बघू. कुणीतरी थेटरात गुडघ्यावर मोबाईल टेकवून पडदा टिपलेला असतो. पडदा तिरका, कडा कापलेल्या, रंग विटलेले, मधूनच कुणाचं तरी डोकं आणि पुढच्या रांगेतल्या काकांचा खोकला. ह्याला सिनेमा पाहणं म्हणायचं असेल, तर शेजारच्या पुरणपोळीचा वास आला की आपलं जेवण झालं म्हणायला हरकत नाही!

'सैराट' घ्या. २०१६ साली तो लागला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत फिरायला लागली. अजय-अतुलने त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. आणि नागराज मंजुळेंनी शेवटी काय केलं, तर आवाजच काढून घेतला. ती शांतता थेटरात अंगावर येते. चोरट्या प्रतीत तिथे पॉपकॉर्नची पिशवी वाजते. किंवा २०१५ साली लागलेला चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. कॅमेरा लांब आणि स्थिर, बरंच काही चौकटीच्या कोपऱ्यात घडणारं. कडा कापलेल्या प्रतीत तो बघून "फार संथ आहे ब्वॉ" म्हणणाऱ्याने ते कोपरे पाहिलेलेच नसतात.

टुकार सिनेमाला टुकार जरूर म्हणा. मराठी आहे म्हणून गोड मानून घ्या, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण जे पाहिलंच नाही त्याचा निकाल कसला लावता?

आणि हा निकाल फुकट जात नाही. लहान मराठी सिनेमाकडे जाहिरातीला पैसे नसतात, त्याची सगळी भिस्त तोंडी प्रसिद्धीवर. पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही की खेळ कमी होतात, उरलेले अडनिड्या वेळेला जातात आणि दुसऱ्या शुक्रवारी सिनेमा उतरतो. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' चालला तो बायकांनी बायकांना सांगून, घोळक्याने जाऊन. तीच जीभ उलटी फिरली की काय होत असेल, ह्याचा विचार करा.

आता नेहमीच्या सबबी. "तिकिटं महाग झालीत." झालीत, मान्य. मग थांबा. टीव्हीवर, ओटीटीवर येईल तेव्हा बघा आणि तोवर मत राखून ठेवा. "मराठीला खेळच देत नाहीत." हेही खरं. म्हणून तर २०१५ साली राज्य सरकारला मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमचा निर्णय जाहीर करावा लागला. पण रिकाम्या खुर्च्या दाखवून जास्त खेळ मागता येतात का? "सैराटची कॉपी फिरली, तरी धो धो चालला की!" अहो, एखादा पट्टीचा पोहणारा पुरातून पार झाला म्हणून पूर आलाच नव्हता असं होत नाही. ज्या तालुक्याच्या गावात एकुलतं एक थेटरही बंद पडलं, तिथल्या माणसाशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते घरापासून दहा मिनिटांवर दोन मल्टिप्लेक्स असलेल्यांशी.

आणखी एक जमात आहे. ही मंडळी तिकीट काढतात, पण नेमका शेवटचा प्रसंग मोबाईलवर घेऊन स्टेटसला टाकतात. "तीस सेकंद तर आहे, त्यात काय!" २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थेटरात सिनेमाची किंवा त्याच्या एखाद्या भागाचीही चोरटी नक्कल करणं आता गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड किमान तीन लाख रुपये आणि वर निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. कायदा बाजूला ठेवू. दिग्दर्शकाने दोन तास राखून ठेवलेली गोष्ट तुम्ही सकाळी चहाच्या वेळी दोनशे जणांना वाटून टाकता, ह्याचं काहीच वाटत नाही?

असो. घरच्या मंडळींनाही हे लागू आहे बरं का. पुढच्या वेळी ग्रुपवर लिंक आली तर ती पुढे ढकलू नका. आणि कुणी "पाहिला, बोअर आहे" म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: कुठल्या थेटरात?