टीव्हीचा आवाज आणि घरातले बुजुर्ग

टीव्ही घरात असावा की नसावा, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत आज आम्ही शिरत नाही. ज्यांच्याकडे टीव्ही आहे आणि त्याच्या जोडीला आता होम थिएटरही आले आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द. आमच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या फ्लॅटपासून पौडच्या पुढच्या वाड्यांपर्यंत एकच तक्रार कानावर येते, "आवाज खूप येतो, पण बोललेलं कळत नाही."

ही तक्रार बहुतेक वेळा दादीची किंवा नानांची असते. वय वाढले की कानाला आधी बारीक, चढे सूर ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण त्याच सुरांवर चालतात. म्हणून आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. मग कोणी तरी आवाज वाढवतो. आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी वैतागते. दोन-चार दिवस हे चालते आणि मग दादी म्हणतात, "रहने दो बेटा," आणि उठून आत जातात. घरात सहा स्पीकर आले आणि बैठकीतले एक माणूस कमी झाले, असा हा हिशेब होतो.

बऱ्याचदा दोष कानापेक्षा जोडणीचा असतो. आजचे टीव्ही पातळ आहेत. त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे असतात आणि आवाज भिंतीवर आपटून येतो. होम थिएटरवर '5.1' लिहिलेले असते, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. या पाचांतला मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, मुख्यतः बोलण्यासाठी असतो. आणि नेमका तोच आम्ही घरोघरी कपाटावर आडवा पडलेला पाहतो. तार पुरली नाही म्हणून तो न जोडलेलाही पाहिला आहे. तो टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, तोंड बसणाऱ्यांच्या कानाकडे करून ठेवा. एवढ्यानेच निम्मे काम होते.

आता तारा. वर्गात आम्ही मुलांना आधी आकृती काढायला सांगतो, तेच इथे करा. एका कागदावर टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि होम थिएटर असे चौकोन काढा. प्रत्येक तार 'आउट'मधून निघते आणि 'इन'मध्ये जाते. तार जोडण्यापूर्वी सगळ्यांचे प्लग काढून ठेवा.

डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स असेल, तर मागे पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन गोल छिद्रांचे खण दिसतील. पिवळ्यातून चित्र जाते, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज, लालमधून उजव्या बाजूचा. पिवळी तार टीव्हीला जोडा आणि पांढरी-लाल थेट होम थिएटरच्या 'ऑडिओ इन'ला. त्या बॉक्सपुरते काम झाले.

नव्या टीव्हीला एचडीएमआयचे चपटे खण असतात. या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. खणांपैकी एकावर बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेले असते. ही सोय 2009 साली आली. त्या खणातून टीव्हीचा आवाज उलट दिशेने होम थिएटरकडे जातो. म्हणून बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या खणात लावा आणि टीव्हीच्या एआरसी खणातून एक तार होम थिएटरच्या एआरसी खणात न्या. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी बाहेरचा स्पीकर निवडा. 'सीईसी'ही चालू करा, म्हणजे एकाच रिमोटने दोन्ही चालतील. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बुजुर्गांच्या हातात तीन रिमोट देण्यापेक्षा हे बरे.

होम थिएटर जुने असेल आणि एआरसी नसेल, तर 'ऑप्टिकल' खण पाहा. त्या तारेतून वीज जात नाही, प्रकाश जातो. ती जोरात दुमडू नका आणि टोकाची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका.

सगळे जोडूनही आवाज येत नसेल, तर टीव्हीच्या 'डिजिटल आउटपुट'मध्ये 'पीसीएम' निवडून पाहा. त्यात आवाज दोनच बाजूंचा येतो, म्हणून होम थिएटरवर 'प्रो लॉजिक'सारखा पर्याय असेल तर तो लावा, म्हणजे बोलणे पुन्हा मधल्या स्पीकरकडे वळते. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असे झाले तर 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' शोधा. ब्लूटूथने जोडल्यास हा त्रास अधिक होतो, त्यापेक्षा तार चांगली.

स्पीकरच्या तारांत लाल लालला आणि काळी काळ्याला जोडा. एखादी उलटी लागली, तर आवाज पोकळ वाटतो. तांब्याचे सुटे केस एकमेकांना चिकटू देऊ नका, त्याने यंत्र जळू शकते. सतत घूं-घूं ऐकू येत असेल, तर टीव्ही, बॉक्स आणि होम थिएटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावून पाहा.

दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय तार दाखवतील. दोन-तीन मीटरच्या अंतराला साधी, चांगल्या बनावटीची तार तेच चित्र देते. उरलेले पैसे मुलांच्या पुस्तकांना लावा. इसराफ फक्त दावतीतच होतो असे नाही.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मक्का शरीफची वेळ आपल्या अडीच तास मागे आहे. हरम शरीफमधली तरावीहची तिलावत टीव्हीवर सुरू होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात किंवा उलटून गेलेले असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा 45 डेसिबल आहे, दिवसा 55. पण कायद्याच्याही आधी शेजाऱ्याचा हक्क आहे, आणि सूरह लुकमानमध्ये बापाने मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत केलेली आहे. तिलावत कितीही दिलखुश करणारी असली, तरी भिंतीपलीकडच्या आजारी माणसाची झोप मोडून ती ऐकायची नाही. सबवूफरचा जाड आवाज भिंतीतून सहज जातो, म्हणून रात्री तो अगदी कमी करा आणि कोपऱ्यातून हलवा. 'नाइट मोड' लावला, तर मोठे आवाज दबतात आणि बारीक बोलणे वर येते. दादींनाही ऐकू जाते आणि शेजारीही झोपतात.

आमच्या भागात ताम्हिणीकडून पाऊस येण्याआधी विजा कडाडतात. छतावर डिशची छत्री असते. वीज जवळ पडली, तर झटका त्या केबलमधून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि पुढे होम थिएटरमध्ये जातो. नुसते बटण बंद करून भागत नाही. आभाळ भरून आले की प्लगही काढा आणि डिशची केबलही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नका.

हे काम मुलांनाच जमते असे नाही. आठवीतली मुलगी कागदावरची आकृती पाहून हे सहज करू शकते, तिला करू द्या. जोडून झाले की दादींना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, बातम्या लावा आणि काय ऐकले ते विचारा. त्यांनी शब्द नीट सांगितले की जोडणी बरोबर. त्यांना तरीही कळत नसेल, तर नवा स्पीकर आणण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. कानात साठलेला मळ निघाल्यानेही फरक पडतो, आणि श्रवणयंत्र लावण्यात चष्मा लावण्यापेक्षा जास्त लाजण्यासारखे काही नाही. इन्शाअल्लाह, मग त्या आतल्या खोलीत जाणार नाहीत.