रोमला गव्हाने बुडवले नाही

यंदाच्या एका दिवाळी अंकात रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावर एक लेख आला आहे. लेखकाचे नाव घेण्याचे कारण नाही. हेच म्हणणे दरवर्षी कुणी ना कुणी मांडत असते. म्हणणे असे : रोमचे नागरिक कष्टाळू शेतकरी आणि शिपाई होते, तोवर रोम वाढले. पुढे मतांच्या लोभाने पुढाऱ्यांनी त्यांना फुकट धान्य द्यायला सुरुवात केली, जोडीला खेळतमाशे दिले. लोक ऐतखाऊ झाले, तिजोरी आटली आणि उत्तरेच्या टोळ्यांनी येऊन उरलेसुरले संपवले. एवढे सांगून झाले की शेवटच्या परिच्छेदात लेखक आपल्याकडच्या रेशन दुकानासमोरच्या रांगेकडे बोट दाखवतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर साक्षीला उभे करायचे, त्याची उलटतपासणी करायची नाही आणि निकाल मात्र आजच्या गरिबाविरुद्ध द्यायचा, असा हा प्रकार आहे. मला त्याचा संताप येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही.

आधी सनावळ्या पाहू. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस या लोकप्रतिनिधीने कायदा करून रोममधल्या नागरिकांना ठरावीक सवलतीच्या दराने गहू देण्याची व्यवस्था केली. तो फुकट नव्हता, पैसे मोजून घ्यावा लागे. फुकट झाला तो इ.स.पू. ५८ मध्ये, क्लोडियसच्या कायद्याने. तेव्हा ऑगस्टस पाच वर्षांचा होता. म्हणजे रोमला सम्राट मिळण्याआधीपासून रोमच्या नागरिकाला फुकट गहू मिळत होता. ऑगस्टसची शांतता, ट्रेजनच्या काळात इ.स. ११७ मध्ये सर्वात दूर पोचलेल्या सीमा, रस्ते, जलसेतू, हे सारे वैभव त्या गव्हानंतरचे आहे. पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला इ.स. ४७६ मध्ये, म्हणजे क्लोडियसच्या कायद्यानंतर ५३३ वर्षांनी. लेखक महाशयांनी ही ५३३ वर्षे एका वाक्यात गिळली आहेत.

आता माझा मुख्य आक्षेप. तो लांबेल, पण त्याला इलाज नाही, कारण सगळी मेख तिथेच आहे. हा गहू कुणाला मिळत होता आणि किती?

सीझरच्या वेळी यादीत ३ लाख २० हजार नावे होती. ती त्याने दीड लाखावर आणली. ऑगस्टसच्या काळात आकडा दोन लाखांच्या आसपास स्थिरावला. यादीत नाव लागायचे तर रोम शहरात राहणारा पुरुष नागरिक असावे लागे. बायकांना नाही, गुलामांना नाही, परदेशी कारागिरांना नाही. गरिबीची अट मात्र नव्हती. कायद्याला कडाडून विरोध करणारा पिसो नावाचा एक सरदारच पुढे धान्याच्या रांगेत उभा दिसला. ग्राकसने भर लोकांत त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने दिलेले उत्तर सिसेरोने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की माझी मालमत्ता लोकांत वाटली जाऊ नये असेच मला वाटते, पण वाटणारच असाल तर माझा हिस्सा मी घेणार.

दरमहा मिळत पाच मोदियस, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू. पीठ नाही, भाकरी नाही, नुसता गहू. एका कष्टकरी माणसाचे पोट त्यावर भरे, घरात बायको आणि दोन पोरे असली की महिना सरायच्या आत पोते रिकामे. शिवाय तो दळायचा कुठे, भाजायचा कशावर? पाच-सहा मजली चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याकडे भट्टी कुठून असणार? दळणाऱ्या-भाजणाऱ्याला पैसे द्यायचे, घरभाडे द्यायचे, तेल, मीठ, जळण, कपडा विकत घ्यायचा. हे पैसे काय जुपिटर देत होता? माणूस कामाला जात होता. ऑस्टियाच्या धक्क्यावर पोती उतरवणारे हमाल, तिबर नदीतून प्रवाहाविरुद्ध होड्या ओढून आणणारे, विटा-चुन्याच्या कामावरचे बिगारी, हेच ते आळशी लोक. सम्राट व्हेस्पेशियनपुढे एका कारागिराने जड खांब थोड्या खर्चात वाहून नेण्याची युक्ती मांडली, तेव्हा सम्राटाने त्याला बक्षीस दिले, पण युक्ती नाकारली. गोरगरिबांच्या पोटाला काम राहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. फुकट गव्हावर लोळणाऱ्या शहराच्या सम्राटाला ही काळजी कशाला पडली असती?

आणि आता या दोन लाखांना साम्राज्याशेजारी ठेवून पाहा. त्या काळच्या लोकसंख्येचे अंदाज पाच-सहा कोटींचे आहेत. शेकडा एकाच्याही निम्म्याहून कमी माणसांना मिळालेल्या महिन्याच्या एका पोत्याने उरलेल्या साऱ्यांचे चारित्र्य कसे बिघडले, हे लेखकांनी सांगावे. सीमेवर लढणारे तर रोमचे राहिलेच नव्हते. इ.स.च्या दुसऱ्या शतकात सैन्यात इटलीतले लोक थोडे, भरणा प्रांतांतल्यांचा. ऱ्हाइन आणि डॅन्यूबवर पहारा देणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराने रोमचा फुकट दाणा कधी तोंडात घातला नव्हता. कर भरत होते इजिप्तचे, आफ्रिकेचे, सिरियाचे शेतकरी, त्यांनाही तो मिळत नव्हता. लढणारे वेगळे, कर भरणारे वेगळे, खाणारे वेगळे. मग खाणाऱ्यांच्या आळसाने लढाई हरली कशी?

या व्यवस्थेवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो वेगळा आहे. दोन लाख माणसांचा वर्षाचा गहू सुमारे ८० हजार टन होतो. त्यातला पुष्कळसा नाईलकाठच्या आणि आफ्रिकेच्या शेतकऱ्याकडून कर म्हणून वसूल केलेला असे. त्याच्या घरात काय उरत होते, हे त्याला विचारायला कुणी गेले नाही. पण हा आक्षेप आपले लेखक घेणार नाहीत. तो घेतला की बोट घेणाऱ्याकडून लुटणाऱ्याकडे वळते.

पूर्वेचा दाखला तर त्यांनी पाहिलेलाच नाही. कॉन्स्टँटाइनने नव्या राजधानीतही वाटप सुरू केले. कॉन्स्टँटिनोपलच्या नागरिकांना इ.स. ३३२ पासून ते मिळत होते. ते थांबले ६१८ मध्ये, सम्राट हेराक्लियसच्या काळात, कारण इराणी फौजांनी इजिप्त घेतले आणि गहूच येईना. राजधानी त्यानंतर १४५३ पर्यंत उभी होती. पश्चिमेतही क्रम तोच : ४३९ मध्ये वँडलांनी कार्थेज घेतले आणि रोमला आफ्रिकेच्या धान्याचा भरवसा उरला नाही. प्रांत गेले म्हणून गहू गेला. लेखकांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे.

खेळांबद्दल एवढेच, की चौथ्या शतकाच्या पंचांगात वर्षभरातले ग्लॅडिएटरांचे दिवस दहा आहेत, आणि दहा लाखांच्या शहरात कोलोझियममध्ये मावत होते पन्नास हजार.

चैनीबद्दलही तसेच. मिरी, रेशीम, मोती यांपायी पैसा पूर्वेकडे जातो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती त्याच व्यापाराची खूण आहे. पण मोती घालत होते कोण? महिना ३३ किलो गहू घेणारा हमाल?

हा वाद मला नवा नाही. कॉलेजात शिकत असताना आमचे एक प्राध्यापक रोमच्या ऱ्हासाचे खापर शिशाच्या नळांवर फोडत. नळांतले पाणी सतत वाहते होते, आतून चुन्याचा थर बसत असे, असे सांगून पाहिले, पण त्यांना ते पटले नाही. त्याआधीच्या पिढीतले लोक रक्ताच्या भेसळीचे कारण देत, त्याच्याही आधीचे ख्रिस्ती धर्माचे. एका जर्मन इतिहासकाराने आजवर सांगितल्या गेलेल्या कारणांची यादी केली, ती २१० कारणांची झाली. ज्याला ज्याची भीती, ते त्याने रोममध्ये शोधून काढले आहे. आपल्या लेखकांना गरिबाच्या ताटाची भीती वाटते.

आणि ‘भाकरी आणि खेळ’ हे वचन ज्याचे म्हणून ते मिरवतात, तो जुव्हेनल उपहासकवी होता. ग्रीकांवर, बायकांवर, नव्या श्रीमंतांवर, सगळ्यांवर त्याने आसूड ओढले. तो हिशेबनीस नव्हता. त्याचे वचन प्रमाण धरून साम्राज्याचा ताळेबंद मांडणे ही अभ्यासाची रीत नव्हे.

मग साम्राज्य पोखरले कशाने? इ.स. १९३ मध्ये राजाच्या रक्षकदलानेच पर्टिनॅक्स सम्राटाला मारले आणि सिंहासनाचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानसने दर शिपायामागे २५ हजार सेस्टर्सेस कबूल करून ते घेतले आणि ६६ दिवसांत जीव गमावला. पुढच्यांनी धडा घेतला तो असा, की शिपायांना खूष ठेवा. सेप्टिमियस सेव्हेरसने पगार वाढवला, कराकल्लाने आणखी वाढवला, आणि भागेना तेव्हा नाण्यातली चांदी काढली. इ.स. २७० च्या सुमारास चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी राहिली नाही. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले. त्यात साथीच्या रोगांनी माणसे नेली. वरच्यांची भूक तर जुनीच होती. निम्म्या आफ्रिका प्रांताचे मालक सहाच जण होते, असे प्लिनीच सांगतो. ३७६ मध्ये हूणांच्या भीतीने गॉथ लोक आश्रयाला डॅन्यूब ओलांडून आले, तेव्हा रोमन अधिकाऱ्यांनी त्यांना धान्य द्यायचे सोडून कुत्र्याचे मांस विकले आणि बदल्यात त्यांची मुले गुलाम म्हणून घेतली. दोन वर्षांनी एड्रियानोपलला त्याच गॉथांनी सम्राट व्हालेन्सला सैन्यासह कापले. ही आपत्ती धान्य दिल्याने ओढवली नाही. भुकेल्याला धान्य नाकारून त्याच्या मुलांचा सौदा केल्याने ओढवली.

माझ्या बाजूने सांगायचे ते थोडे आहे. रोमच्या लहान शेतकऱ्याने वर्षानुवर्षे परमुलखात लढून प्रांत जिंकले. तो परत येईपर्यंत अनेकांच्या जमिनी मोठ्या मालकांच्या घशात गेल्या होत्या आणि त्यांवर गुलाम राबत होते. असा माणूस शहरात आला. जिंकलेल्या मुलखाच्या उत्पन्नात त्याचाही वाटा आहे, एवढेच ग्राकस म्हणत होता. त्यापायी इ.स.पू. १२१ मध्ये तो आणि त्याचे हजारो अनुयायी मारले गेले, पण गव्हाची कल्पना कायमची पुसता आली नाही.

ती लोकांच्या मनात कशी रुजली होती हे पाहायचे तर रोममधल्या एका लहान थडग्याचा लेख वाचावा. तीन वर्षांचे पोर गेले. आईबापांनी दगडावर त्याचे नाव कोरले, वय वर्षे-महिने-दिवसांसह कोरले, आणि खाली कोरले की याने धान्य घेतले, दहाव्या दिवशी, एकोणचाळीसाव्या दारावर. वाटपाचा ठरलेला दिवस आणि ठरलेले दार. लाज वाटणारी गोष्ट कुणी पोराच्या थडग्यावर कोरत नाही. आपले लेकरू या शहराचे नागरिक होते, याचा तो पुरावा होता.

रेशन नको असेल तर तसे उघड सांगावे. आजचे आकडे, आजची गोदामे, आजची गळती समोर ठेवून सांगावे, आपण त्यावर हवा तितका वाद घालू. रोमला मात्र साक्षीला बोलावू नये. रोमची साक्ष त्यांच्या विरुद्ध जाते.