ग्रीष्माच्या उत्तरार्धातील पक्षी : आधी ओळख, मग साहाय्य

मे महिना सरत आला की कोल्हापूरच्या बाजारपेठेला पावसाळ्याची चाहूल लागते. गोदामांचे पत्रे तपासले जातात, पन्हळी साफ होतात, ताडपत्र्या बाहेर निघतात आणि विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या छाटल्या जातात. एखाद-दुसरा वळीव कोसळून जातो व दुसऱ्या दिवशी पुन्हा उकाडा सुरू होतो. नेमक्या याच दिवसांत पक्षीही आपल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या कामात गुंतलेले असतात. कोणाचे घरटे बांधणे चालू असते, कोणाची अंडी उबत असतात, तर कोणाची पिल्ले उडण्याचा पहिला प्रयत्न करीत असतात. माणसाची डागडुजी आणि पक्ष्यांची वीण एकाच वेळी, पुष्कळदा एकाच भिंतीवर चालते. म्हणून पक्षी ओळखण्याची विद्या या दिवसांत केवळ विरंगुळ्याची राहत नाही. ती जीवदयेच्या कामी येते.

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली व्यापारपेठ. त्यापूर्वी चारच वर्षे, १८९१ मध्ये, कोल्हापूरला रेल्वे आली होती. स्थानकालगतची ही पेठ पुढे गुळाच्या व्यापारासाठी नावारूपाला आली. दुकाने, वखारी आणि वाहनांच्या या गजबजाटात पक्षी कोठून असणार, अशी शंका सहज येते. परंतु जुन्या भिंतींच्या भेगा, परसातील नारळ व आंब्याची झाडे, जवळून वाहणारा जयंती नाला, थोड्या अंतरावरची पंचगंगा आणि तिच्या काठचे उसाचे मळे या सर्वांमुळे येथील आकाश कधी रिकामे नसते. या दिवसांत सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्या वेळी अर्धा तास गच्चीवर शांतपणे उभे राहिले, तर दहा-बारा जातींचे पक्षी सहज दिसतात किंवा ऐकू येतात. रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठी गेल्यास ही संख्या आणखी वाढते, कारण उन्हाळ्याअखेर पाणी मागे सरलेले असते आणि उघड्या पडलेल्या चिखलात पाणपक्षी भक्ष्य शोधत असतात.

पक्षी ओळखण्यासाठी प्रथम माप ठरवावे लागते. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही चार मापे प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. दिसलेला पक्षी साळुंकीहून लहान की मोठा, कावळ्याएवढा की घारीएवढा, हे ठरले की निम्मे काम झाले. त्यानंतर चोच पाहावी, कारण चोचीवरून आहार कळतो: दाणे फोडणाऱ्याची चोच आखूड व जाड, मध पिणाऱ्याची बारीक व बाकदार, मांस फाडणाऱ्याची आकडीसारखी. मग शेपटी, पाय, उडण्याची ढब आणि शेवटी रंग. नवशिका मनुष्य रंगापासून आरंभ करतो आणि तेथेच फसतो. गुळाचा जाणता व्यापारीही ढेपेच्या रंगावर विसंबत नाही. कणी पाहतो, दाबून पाहतो, चव घेतो आणि मगच भाव बोलतो.

रंग कसा फसवतो, हे ग्रीष्माच्या अखेरीस विशेष कळते. डबक्याकाठी वर्षभर मातकट, रेघारेघांच्या वेशात बसणारी ढोकरी या दिवसांत पाठीवर गर्द तांबूस पिसांची शाल पांघरते. गुरांमागे फिरणारा शुभ्र गायबगळा डोके, मान व पाठीवर केशरी होतो. पाहणाऱ्याला वाटते, गावात नवे पक्षी आले. वास्तविक पक्षी जुनेच असतात, वेश तेवढा विणीचा असतो. लहान बगळा पांढराच राहतो. परंतु त्याच्या डोक्यामागे दोन लांब तुरे आणि पाठीवर जाळीदार पिसे येतात. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे ही त्याची बाराही महिने न बदलणारी खूण.

या तुऱ्यांना व्यापाराचा एक खिन्न इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे मिरविण्याची टूम निघाली. ही पिसे केवळ विणीच्या काळातच येत असल्याने बगळे घरट्यांजवळच मारले जात आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत. १८८९ साली इंग्लंडमधील काही स्त्रियांनी अशी पिसे न वापरण्याचा निश्चय करून पक्षिरक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९०२ मध्ये हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली आणि १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीस मनाई करणारा कायदा केला. टोपीवरचा तुरा कोठून आला, हे ग्राहकांना कळू लागले आणि मागणीला विरोध उभा राहिला.

आवाजाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. पहाटेपासून चढत्या सुरात कानावर येणारी कुहू-कुहू ही कोकिळेची नव्हे, कोकिळाची. नर काळाभोर, तांबड्या डोळ्यांचा व फिकट हिरवट चोचीचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. ती गात नाही, किक्-किक् असा तीव्र आवाज करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. ‘पेरते व्हा’ असे शेतकऱ्याला सांगणारा पावशा ऐकू पुष्कळदा येतो, दिसतो क्वचित; आणि दिसला तरी लोक त्याला शिक्रा समजतात, इतके त्या शिकारी पक्ष्याशी त्याचे साम्य आहे. शिक्र्याची चोच आकडीसारखी व पंजे बळकट, तर पावशाची चोच साधी, पाय दुबळे आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात वाढतात. मान्सूनच्या आगेमागे येणारा काळा-पांढरा, तुरेवाला चातकही याच कुळातला. कावळा किंवा सातभाई आपल्याहून निराळ्या दिसणाऱ्या पिल्लाला चारा भरविताना आढळले, तर ते पिल्लू हरवलेले आहे असे समजून उचलू नये. ते जेथे असायला हवे तेथेच असते.

सुगरणीचे नावही असेच दिशाभूल करते. विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना लोंबणारी घरटी विणतो तो नर, पिवळ्या टोपीचा. इतर ऋतूंत तो चिमणीसारखा दिसत असल्याने लक्षात येत नाही. या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा महाराष्ट्रातच झाला. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे डॉ. सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पूर्ण करून दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो, असे त्यांना आढळले. सालिम अली हे मुंबईतील व्यापारी कुटुंबातले. तरुणपणी घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात राहिले आणि परतल्यावर व्यापारी कायदा व हिशेबशास्त्रही शिकले. लहानपणी हाती आलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, एवढ्याच प्रश्नापासून त्यांच्या पक्षिविद्येचा आरंभ झाला होता.

नोंद ठेवण्याची शिस्त व्यापारी घरांना नव्याने शिकवावी लागत नाही. रोजकीर्द लिहावी तशीच पक्ष्यांची वही लिहावी: तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या आणि तो काय करीत होता. आजची नोंद आजच व्हावी. जो पक्षी ओळखता आला नाही, त्याला अंदाजाने नाव देऊ नये; ती नोंद उचंत खात्यात ठेवावी आणि खात्री पटल्यावर योग्य खाती वर्ग करावी. सुट्टीत घरी असलेल्या मुलांकडे ही वही सोपविल्यास दोन-तीन वर्षांत पहिला पावशा केव्हा बोलला, ढोकरीने शाल केव्हा पांघरली, याचा घरचाच ताळेबंद तयार होतो.

आता साहाय्याचा विचार. पक्षी संकटात दिसला की मन कळवळते आणि हात पुढे होतो. पण ओळखीवाचून पुढे झालेला हात कधी कधी अपायच करतो. टिटवी उघड्या जागेवर, खडी पसरलेल्या प्लॉटवर, क्वचित सपाट छतावरही बहुधा चार अंडी घालते. भोवतालच्या खड्यांत ती दिसतही नाहीत. तिची पिल्ले अंड्यातून बाहेर येताच थोड्या वेळात चालू लागतात आणि धोका जाणवला की जमिनीला चिकटून निश्चल बसतात. असे पिल्लू अनाथ नसते. डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारी टिटवी ही त्याची आईच किंवा बाप असतो. बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची पिल्ले मात्र घरट्यात वाढतात. पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू खाली दिसले तर ते उडायला शिकत असते. वाहनांचे किंवा मांजराचे भय असेल, तर त्याला जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. पालक येऊन चारा देतात. पिसे न फुटलेले पिल्लू पडले असेल, तर शक्यतो त्याच घरट्यात परत ठेवावे. माणसाच्या स्पर्शाने पालक पिल्लाला टाकतात, ही समजूत निराधार आहे. चोचीत पाणी ओतणे किंवा दूध पाजणे घातक ठरते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. जखमी पक्ष्यासाठी हवा जाईल असे खोके, अंधार, शांतता आणि लवकरात लवकर वनविभाग किंवा पशुवैद्य एवढेच करावे.

याच दिवसांत नवरंग हा रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी विणीसाठी दुरून येतो आणि प्रवासात थकून कधी एखाद्या अंगणात उतरतो. तो पाळीव पक्षी नव्हे, वाटसरू आहे. विश्रांती मिळाली की निघून जातो.

पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा पुष्कळ घरांत श्रद्धेने पाळली जाते. तिच्यामागील भाव निर्मळ असला, तरी बाजाराचा नियम व्यापाऱ्यांना सांगायला नको: मागणी वाढली की माल वाढतो. सोडण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक मुनियेच्या जागी दुसरी मुनिया जाळ्यात येते. पोपट, मुनिया यांसारख्या देशी वन्य पक्ष्यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. याउलट लव्हबर्ड, बजरीगर हे परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेले पक्षी; बाहेर सोडल्यास ते सहसा तग धरीत नाहीत. तेव्हा देशी पक्षी विकला जाताना दिसला, तर पैसे देण्याऐवजी वनविभागाला कळविणे हीच त्याची खरी सुटका.

दाण्यांचेही असेच. दाणा पारवा, होला, चिमणी यांच्या उपयोगाचा. दयाळ, खंड्या, वेडा राघू यांना तो निरुपयोगी. पाणी मात्र बहुतेकांना लागते. दोन इंचांहून उथळ मातीचे भांडे सावलीत ठेवावे, ते रोज घासून धुवावे आणि त्यात स्वच्छ पाणी भरावे. पत्रे बदलण्यापूर्वी, भिंतीचे भोक बुजविण्यापूर्वी किंवा फांदी छाटण्यापूर्वी पंधरा मिनिटे खाली उभे राहून पाहावे. एखादा पक्षी चोचीत किडा घेऊन पुनःपुन्हा त्याच जागी जात असेल, तर आत पिल्ले आहेत असे समजावे. लहान पक्ष्यांची पिल्ले साधारणतः दोन-तीन आठवड्यांत घरटे सोडतात. तेवढे दिवस ते एक काम लांबणीवर टाकावे आणि गवंड्याला व सुताराला तशी सूचना आधीच देऊन ठेवावी.